वायर आहे, वाट नाही

घरचा मुलगा 'कॉम्प्युटरमध्ये' आहे म्हटलं की गावाकडे त्याच्या वाट्याला तीन कामं ठरलेली असतात. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स लावून देणं, कुणाचा तरी हरवलेला पासवर्ड शोधून देणं, आणि 'फोन भरलाय, जरा जागा करून दे' म्हणून पुढे आलेला फोन हातात घेणं. आपण पुण्यात बसून कितीही मोठमोठ्या सिस्टीम्सची चित्रं व्हाईटबोर्डवर काढत असू, गावाच्या लेखी खरा इंजिनियर तोच ज्याला हे जमतं. मला यातली पहिली दोन कामं बऱ्यापैकी येतात. तिसऱ्याने मात्र गेल्या महिन्यात माझी अक्षरशः दोन दिवस परीक्षा घेतली, आणि त्यावरच आजचं हे शनिवारचं पुराण.

झालं असं की आजीचं वर्षश्राद्ध होतं. म्हणून शुक्रवारी रात्री पुण्याहून बस पकडली, आंबोलीचा घाट अर्धवट झोपेत उतरलो, सावंतवाडीला एस्टी बदलली आणि सकाळी आरोंद्यात हजर. ज्यांना आरोंदा माहीत नाही त्यांच्यासाठी : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरचं गाव. पुढे तेरेखोलची खाडी, खाडीपलीकडे गोवा. आमच्याकडची मंडळी पेट्रोल किती रुपयांनी स्वस्त आहे हे बघून पूल ओलांडायचा की नाही ते ठरवतात. पावसाचे दिवस होते. वीज येऊन जाऊन, आणि मोबाईलची रेंज पडवीच्या एका ठराविक खांबाला टेकून उभं राहिलं तरच.

दुपारी जेवणं आटोपल्यावर सगळे पडवीत बसले होते. आत्या काकांना म्हणाली, "आवशीचो आवाज आयकव मां रे."

इथे थोडं मागे जायला हवं. आजी शेवटची दोनेक वर्षं बरीचशी अंथरुणातच होती, पण आवाज खणखणीत होता. काकांनी त्या काळात एक फार शहाणपणाचं काम केलं. आजी संध्याकाळी बोलायला लागली की ते फोनचा रेकॉर्डर चालू करून उशाशी ठेवून द्यायचे. तिच्या जात्यावरच्या ओव्या, चतुर्थीच्या फुगड्यांची गाणी, शिरोड्याला तीस सालच्या मिठाच्या सत्याग्रहाबद्दल तिने तिच्या वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी, कुणाची जमीन कुणाकडे कशी गेली, कुठल्या घरात कोणती सून कुठून आली... सगळं. एकूण एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज. या एक्केचाळीस फायली जगात फक्त एकाच ठिकाणी होत्या : काकांच्या चार वर्षं जुन्या फोनमध्ये.

आणि तो फोन आठ दिवसांपूर्वी मोरीत पडला होता. स्क्रीन दिसत होती, घड्याळ चालू होतं, मेसेज आल्यावर 'टिंग' वाजत होतं. पण टच गेला होता. बोट कितीही फिरवा, ढिम्म. एका दुकानदाराने 'दुरुस्तीपेक्षा नवा घ्या' असं सांगितलं होतं. काकांनी नवा घ्यायची तयारीही केली होती. त्यांचा प्रश्न एवढाच होता की जुन्यातलं नव्यात कसं जाणार.

मी म्हटलं, "त्यात काय काका, वायर लावू, लॅपटॉपवर काढून घेऊ. पाच मिनिटांचं काम."

मंडळी, आपल्या धंद्यात 'पाच मिनिटांचं काम' हे शब्द ज्याने उच्चारले तो संपला, हे माहीत असूनही मी ते उच्चारले. :)

पहिली दोन तास वाया घालवणारी गोष्ट म्हणजे खुद्द वायर. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. फोन जोडला, फोन चार्ज व्हायला लागला, पण कॉम्प्युटरला तो दिसेना. 'एलएसयूएसबी' ही कमांड चालवली की यूएसबीला जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी मिळते. त्यात माझा वेबकॅम होता, ब्लूटूथ होतं, फोन नव्हता. मी ड्रायव्हर तपासले, पोर्ट बदलले, लॅपटॉप रीस्टार्ट केला. शेवटी लक्षात आलं की वायरच चार्जिंगपुरती होती. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्त वायरीत डेटाच्या दोन तारा घालतच नाहीत. बाहेरून बघून काही कळत नाही. चुलत बहिणीच्या फोनबरोबर आलेली वायर लावली आणि यादीत फोन उगवला.

आता फाईल मॅनेजरमध्ये फोनचं चित्र आलं. मी विजयी मुद्रेने डबल क्लिक केलं. आत काहीच नाही. रिकामं फोल्डर.

काका मागून बघत होते. म्हणाले, "वायर लावलंस मां? मगे दिसणा कित्याक नाय?"

कारण सोपं आहे. फोन लॉक असेल तर तो वायरीवरून काही दाखवत नाही. अनलॉक केला तरी आधी 'फक्त चार्जिंग' याच अवस्थेत राहतो. वरून नोटिफिकेशन खाली ओढायचं, त्यात 'फाईल ट्रान्सफर' निवडायचं, मग दार उघडतं. आणि आमच्याकडे तर बोटाचा स्पर्शच गेलेला. म्हणजे कुलूप लावलेलं, किल्ली आपल्या हातात, पण भोकच बुजलेलं.

हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोन माझो, फोटो माझे, मगे परवानगी कोणाची व्हयी?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे इंजिनियर म्हणून आलं, पुतण्या म्हणून आलं नाही. त्या दोन उत्तरांमधल्या फरकाबद्दलच मला लिहायचंय.

आधी इंजिनियरचं उत्तर. ज्यांनी २०१० च्या आसपासचे फोन वापरलेत त्यांना आठवत असेल, फोन जोडला की तो सरळ पेन ड्राइव्हसारखा दिसायचा. कुठलीही सिस्टीम असो, विंडोज, मॅक, लिनक्स, लगेच एक ड्राइव्ह दिसायचा. ओढा, टाका, संपलं. याला 'यूएसबी मास स्टोरेज' म्हणतात. यात कॉम्प्युटरला फायली मिळत नाहीत, थेट मेमरीचे ठोकळे मिळतात. कुठल्या ठोकळ्यात काय ठेवायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. यातली अडचण अशी की एका वेळी एकच मालक चालतो. फोन आणि कॉम्प्युटर दोघेही एकाच कार्डावर आपापल्या समजुतीने लिहायला लागले तर कार्डाचा बट्ट्याबोळ. म्हणून कॉम्प्युटरला कार्ड द्यायचं तर फोनला ते सोडून द्यावं लागायचं. तेवढ्या वेळात फोनवरची गाणी, फोटो, कार्डावर टाकलेली ॲप्स सगळं बंद. शिवाय विंडोजला वाचता यावं म्हणून कार्ड जुनाट फॅट पद्धतीनेच मांडावं लागायचं, आणि ॲप्सची जागा वेगळी, फोटोंची जागा वेगळी असं विभाजन करावं लागायचं. एकीकडे जागा शिल्लक आणि दुसरीकडे 'मेमरी फुल', हा अनुभव त्या काळात सगळ्यांनी घेतलाय.

यावर उपाय म्हणून २०११ साली, अँड्रॉइड ३.० पासून, एमटीपी आलं. मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल. याचं मूळ डिजिटल कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या पीटीपी नावाच्या प्रोटोकॉलमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टने ते खिशातल्या म्युझिक प्लेयरसाठी वाढवलं, त्यात कॉपीराइटच्या गाण्यांची कुलपं सांभाळायचीही सोय होती, आणि २००८ साली यूएसबीच्या संस्थेने त्याला अधिकृत मान्यता दिली. यात कॉम्प्युटरला मेमरीला हात लावता येत नाही. तो फोनकडे मागतो, फोन देतो. 'तुझ्याकडे कोणत्या वस्तू आहेत?' 'ह्या क्रमांकांच्या.' 'सतरा क्रमांकाचं नाव काय? आकार किती?' 'हा.' 'ती दे.' 'घे.' एका वेळी एकच व्यवहार. म्हणूनच व्हॉट्सॲपच्या फोटोंचं हजारोंचं फोल्डर उघडलं की फाईल मॅनेजर गोल गोल फिरत बसतो. आणि म्हणूनच फोनमधली फाईल तिथल्या तिथे उघडून बदलून ठेवायला गेलं की बरेच प्रोग्राम हात वर करतात.

आमच्याकडची उपमा द्यायची तर ही एकच खाडी ओलांडायच्या दोन पद्धती. किरणपाणीला पूल आहे, आपली गाडी घेऊन आपल्या वेगाने पलीकडे. खाली केरी–तेरेखोलला फेरीबोट. तिथे बोट येईपर्यंत थांबायचं, नावाडी सांगेल तिथे गाडी लावायची, आणि वेगही त्याचाच. मास स्टोरेज हा पूल, एमटीपी ही फेरीबोट. फेरीबोट वाईट नाही. पण पूल काढून टाकून फक्त फेरीबोट ठेवली, तर खाडीकाठच्या माणसाला त्याचं कारण विचारायचा हक्क आहे.

लिनक्सवाल्यांची या फेरीबोटीने फार वर्षं दमछाक केली. 'लिबएमटीपी' नावाची जी लायब्ररी आहे तिच्यात हजारो उपकरणांचे ओळख-क्रमांक जगभरातल्या लोकांनी एकेक करून भरलेत, आणि कुठला फोन नियम कुठे मोडतो त्याच्या नोंदीसुद्धा. २०१३ मध्ये ग्नोम ३.८ बरोबर फाईल मॅनेजरमध्ये थेट सोय आली. केडीईकडे त्यांची वेगळी. आणि फोल्डर खऱ्या ड्राइव्हसारखं जोडायचं असेल तर 'जेएमटीपीएफएस', 'गो-एमटीपीएफएस' असे छोटे प्रोग्राम आहेत, बहुतेक कुणी ना कुणी आपल्या स्वतःच्या वैतागातून लिहिलेले. मॅकवर तर अँड्रॉइडसाठी अंगभूत सोयच नाही. म्हणजे हे दुखणं फक्त आम्हा काळ्या स्क्रीनवाल्यांचं नाही.

असो. आमच्या पडवीत परत येऊ.

उपाय रात्री अकराला सुचला. फोनला माऊस लावता येतो! ओटीजी नावाचं छोटंसं अडॅप्टर असतं, त्यातून फोनला पेन ड्राइव्ह, कीबोर्ड, माऊस काहीही जोडता येतं. माऊस माझ्या बॅगेत होता. अडॅप्टर नव्हतं. सकाळी काका स्वतः भर पावसात स्कूटर काढून शिरोड्याच्या बाजारात गेले आणि घेऊन आले. जोडलं, आणि फोनच्या स्क्रीनवर बाण आला. काका ओरडले, "मेल्या, फोनात उंदीर शिरलो!"

पुढची अडचण मी आयुष्यभर विसरणार नाही. काकांना त्यांचा पॅटर्न आठवेना. रोज पन्नास वेळा काढतात, पण तो बोटाच्या स्मरणात होता, डोक्यात नव्हता. माऊस हातात घेतला की चुकायचं. तीन चुका झाल्यावर मी त्यांना थांबवलं. ते डोळे मिटून बसले, जमिनीवर बोटाने पॅटर्न काढला, मी बघितलं आणि माऊसने तोच काढला. उघडलं.

पण खरा पेच पुढेच आहे. फोनला तोंड एकच. त्यात माऊस लावला तर लॅपटॉपची वायर कुठे लावायची? माऊस काढून वायर लावली तर 'फाईल ट्रान्सफर' निवडायला बोट चालत नाही. ब्लूटूथ माऊस असता तर प्रश्न नव्हता, पण आमच्याकडे नव्हता. शेवटी 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडले. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की हे गुप्त पान उघडतं. तिथे 'डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन' अशी एक ओळ असते. ती 'फाईल ट्रान्सफर'वर ठेवली. मग स्क्रीन लॉकच काढून टाकला, स्क्रीन बंद व्हायची वेळ अर्ध्या तासावर नेली. माऊस काढला, वायर लावली.

फोल्डर दिसलं. आत 'रेकॉर्डिंग्ज'. आत एक्केचाळीस फायली.

कॉपी करताना मध्येच एकदा तुटलं, आणि एक फाईल शून्य बाइटची येऊन पडली. फाईल मॅनेजरने तशी काही तक्रार केली नाही, मी आकार बघितले म्हणून कळलं. मग सगळं पुन्हा दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केलं, पुन्हा तिसऱ्या, आणि शेवटच्या दोन प्रती एकमेकींशी ताडून बघितल्या. जुळल्या. फायलींच्या तारखा मात्र सगळ्या त्याच दिवसाच्या पडल्या. नशीब, रेकॉर्डरने नावातच तारीख-वेळ घातली होती. नाहीतर आजी कोणतं कधी बोलली ते कुणाला कळलं असतं?

आता मुद्द्याचं.

वर जे कुलूप आहे ना, फोन उघडल्याशिवाय वायरीवर काही न दाखवण्याचं, ते बरोबरच आहे. माझं त्याबद्दल भांडण नाही. फोन चोरीला गेला तर चोराने वायर लावून सगळे फोटो घ्यावेत असं कुणालाच वाटणार नाही. सार्वजनिक चार्जिंगच्या खांबावरून माहिती चोरता येऊ शकते हे २०११ पासून दाखवलं गेलंय, २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन जोडल्यावर आधी फक्त चार्जिंग सुरू होतं, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या जनजागृती पुस्तिकेतसुद्धा या प्रकाराबद्दल सावध केलंय. तेव्हा कुलूप हवंच.

माझं म्हणणं वेगळं आहे. कुलूप चोरासाठी असतं, पण त्याचा त्रास मालकालाच का व्हावा? गंमत बघा. ज्याला प्रोग्राम लिहायचेत त्याच्यासाठी 'एडीबी' नावाची वेगळी सोय आहे. त्यात कॉम्प्युटर पहिल्यांदा जोडला की फोन विचारतो, 'या कॉम्प्युटरवर नेहमी विश्वास ठेवू का?' हो म्हटलं की दर वेळी विचारत नाही. त्याच एडीबीने फायली तारखांसकट काढता येतात. म्हणजे विश्वासू कॉम्प्युटर ओळखणं तांत्रिकदृष्ट्या जमतं, वर्षानुवर्षं जमतंय. फक्त ते डेव्हलपरला दिलंय, मालकाला नाही. काकांना उपयोगी पडलेली ती एक सेटिंगसुद्धा कुठे होती? सात टिचक्यांमागच्या गुप्त पानावर.

हे कुणी कटकारस्थान करून केलं असं मी म्हणत नाही. मी या धंद्यात आहे, मला माहितीये हे कसं होतं. प्लॅनिंग मीटिंगमध्ये 'सिंक' हा विषय निघाला की सगळे सरसावून बसतात, कारण त्यात वाढ आहे, ग्राहक टिकतो, दर महिन्याचे पैसे येतात. 'एक्सपोर्ट' हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, 'पुढच्या स्प्रिंटला बघू.' पुढचा स्प्रिंट कधी येत नाही. मी स्वतः हे वाक्य दोनदा तरी बोललोय. एमटीपी २०११ ला एका खऱ्या अडचणीचं बरं उत्तर होतं. पण त्यानंतर वायरीकडे कुणी वळून बघितलं नाही, कारण तोवर सगळ्यांची नजर ढगांकडे लागली होती.

'मग क्लाऊड वापर ना, इतका त्रास कशाला?' असं माझा रूममेट म्हणाला. मी वापरतोच. पण ती भाड्याची खोली आहे, आणि भाड्याच्या खोलीचे नियम मालक बदलतो. गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली. २०२३ साली त्यांनी जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जातील, आणि त्या डिसेंबरपासून त्याची सुरुवात केली. कंपनीच्या बाजूने विचार केला तर दोन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत. पण आता घरातल्या माणसाच्या बाजूने बघा. दोन वर्षं खातं न वापरणारा माणूस म्हणजे कोण? पुष्कळदा जो गेला तो. म्हणजे ज्याच्या फोटोंची आणि आवाजाची आपल्याला सगळ्यात जास्त गरज लागणार, त्याचंच खातं आधी बंद पडणार. शिवाय आरोंद्यात, त्या एका खांबाला टेकून, एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज अपलोड व्हायला किती पावसाळे लागले असते याचा हिशेब मी केलेला नाही.

कायद्यानेही इथे आपल्याला थोडं हुलकावणी दिलीय. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला टाइप-सी पोर्ट सक्तीचा केला, आणि त्याचा फायदा आपल्यालाही झाला, घरातल्या वायरींचा गुंता कमी झाला. पण तो नियम चार्जिंगचा आहे. त्या तोंडातून आपला डेटा कसा बाहेर यावा याबद्दल तो बोलत नाही. आपल्याकडे २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात स्वतःचा डेटा वापरता येईल अशा रूपात परत मिळवण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो गळला. मृत्यूनंतर आपले हक्क कुणी बजावायचे त्यासाठी वारस नेमायची तरतूद मात्र त्यात आहे, ती चांगली आहे. पण वारसाच्या हातात काय पडणार हा प्रश्न राहतोच.

आमच्या खाडीच्या मुखाशी तेरेखोलचा किल्ला आहे. खाडीच्या उत्तरेला, म्हणजे आमच्या बाजूला. पण तो गोव्यात मोडतो. सावंतवाडीकरांकडून तो पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला आणि १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावरही हद्द तशीच राहिली. लहानपणी मला हे फार विचित्र वाटायचं. जमीन इकडे आणि राज्य तिकडचं. आता वाटतं, आपल्या प्रत्येकाच्या खिशात एकेक तेरेखोल आहे. चिप आपल्या हातात, पैसे आपण मोजलेले, आठवणी आपल्या, आणि हद्द दुसऱ्याची. देशांच्या हद्दींवर आपण शतकानुशतकं भांडतो. या हद्दीवर निदान बोलायला तरी हवं.

मागणी फार मोठी नाही माझी. एक, विश्वासू कॉम्प्युटर लक्षात ठेवायची सोय साध्या सेटिंग्जमध्ये द्या. दोन, कॉपी करताना तारखा आणि नावं टिकवा, आणि काही सुटलं तर तसं स्पष्ट सांगा. तीन, फोनचा टच गेला तरी मालकाला आत शिरायचा एक अधिकृत रस्ता ठेवा. यातलं एकही काम अशक्य नाही. फक्त 'पुढच्या स्प्रिंटला' ढकललेलं आहे.

आणि तोवर? तोवर आपण, म्हणजे हिंजवडी, खराडी आणि बंगळुरात बसलेले घरोघरचे 'कॉम्प्युटरमध्ये' असलेले पोरगे-पोरी, एवढं करू शकतो. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा डेटाच्या तारा असलेली एक वायर आणि एक ओटीजी अडॅप्टर बॅगेत टाका. आई-बाबांच्या, काका-मावशीच्या फोनमधल्या तीन जागा कॉपी करा : कॅमेऱ्याचं फोल्डर, रेकॉर्डिंग्जचं फोल्डर, आणि व्हॉट्सॲपचं मीडिया फोल्डर. हे शेवटचं नव्या फोनवर 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आत 'मीडिया'मध्ये लपलेलं असतं, आणि त्यातल्या व्हॉइस नोट्स आठवड्यागणिक वेगळ्या फोल्डरांत असतात, तेव्हा सगळंच्या सगळं उचला. लक्षात ठेवा, चॅटचा मजकूर असा मिळत नाही, वायरीवरून फक्त सामायिक जागा दिसते. कॉपी झाल्यावर फायलींची संख्या आणि आकार मोजा, शक्य असेल तर दोनदा कॉपी करून ताडून बघा. एक प्रत घरातल्या डिस्कवर, एक तुमच्याकडे. आणि हे सगळं फोन चांगला चालू असताना करा. मोरीत पडल्यावर नव्हे.

रविवारी संध्याकाळी परतीच्या एस्टीच्या आधी तासभर होता. लॅपटॉपचा स्पीकर काही खास नाही, पण पडवीत ठेवला आणि पहिली फाईल लावली. आजी सुरुवातीला कुणाला तरी ओरडत होती, कोंबड्या आत घ्या म्हणून. मग खोकली, आणि मग गायला लागली. मागे पावसाचा आवाज. बाहेरही पाऊस होता, त्यामुळे रेकॉर्डिंगमधला कुठला आणि खरा कुठला ते कळत नव्हतं. आत्या पदर डोळ्याला लावून ऐकत होती. काका काही बोलले नाहीत. फाईल संपल्यावर म्हणाले, "आणि एक लाव."

निघताना त्यांना पेन ड्राइव्ह दिला. त्यांनी तो देवघरातल्या फळीवर, पंचांगाशेजारी ठेवला. मी म्हटलं, "काका, तिथे नको, दमट होईल." ते म्हणाले, "आसांदे. खंय आसा ता माका म्हायत तरी आसा."

एवढंच तर मागतोय आपण सगळे.

भेटू पुढच्या शनिवारी.